सावकाश बोला

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी आमच्याकडं एक-दोन पालक येऊन बसतात. ओळख फारशी नसते. माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडून पत्ता काढलेला असतो. चहा होतो, यंदा पाऊस कसा म्हणून बोलणं होतं, आणि मग मूळ विषय निघतो. "मॅडम, तुमची मुलगी वर्षभर जर्मनीत शाळेला होती म्हणे. आमचीलाही पाठवावं म्हणतो. पण वर्ष वाया जातं की हो?"

वर्ष जातं. हे मी आधीच सांगून टाकते. आमची मुलगी २०२२ मध्ये दहावी झाली, ऑगस्टमध्ये गेली आणि २०२३ च्या जुलैत परत आली. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी तोवर पी.यू.च्या दुसऱ्या वर्षात सी.ई.टी.चे क्लास करत होत्या. ही पहिल्या वर्षाला, तिच्यापेक्षा लहान मुलांच्या बाकावर बसली. पहिला महिनाभर तिला ते बोचलं. मलाही बोचलं, फक्त मी दाखवलं नाही. "फायदा काय झाला?" या प्रश्नाचं उत्तर मात्र चहाच्या एका कपात होत नाही, म्हणून हा लेख.

आधी योजनेबद्दल थोडं, कारण अनेकांना ही नोकरीची किंवा सहलीची गोष्ट वाटते. दुसऱ्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ए.एफ.एस. नावाची संघटना होती. युद्धात माणसं मरताना पाहिलेल्या या लोकांनी १९४७ मध्ये शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशांत राहायला पाठवायला सुरुवात केली. रोटरीचीही अशीच योजना अनेक दशकं चालू आहे. बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा रोटरीच्या एकाच प्रांतात येतात, त्यामुळं आपल्या भागातली मुलं बहुधा याच वाटेनं जातात. पंधरा ते एकोणीस वर्षांचं मूल परक्या घरात घरचं होऊन राहतं आणि गावातल्या साध्या शाळेत जातं. ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. विमान, विमा आणि व्हिसा यांचा खर्च आपला, आणि जमेल तेव्हा एखादं परदेशी मूल आपणही घरी ठेवून घ्यायचं. नियम कडक आहेत. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, गाडी चालवायची नाही आणि प्रेमप्रकरण नाही. हे ऐकून आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "एवढं तर आम्ही बेळगावातच पाळत होतो. त्यासाठी जर्मनी कशाला?"

आप्पा आई गेल्यापासून आमच्याकडंच असतात. त्यांचा विरोध उघड होता, माझा छुपा. मी वर्षाचं कारण पुढं करत होते. खरं कारण भीतीचं होतं. मुलगी मराठी माध्यमातली, मुखदुर्बळ. कुणी पाहुणे आले की आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसणारी. ती तिथं एकटी काय करेल? पण अर्ज तिनंच भरला होता, मुलाखतीही तिनंच दिल्या. हे एवढंच म्हणाले, "जायचं म्हणत्येय तर जाऊ दे की." बंगळूरला जाऊन व्हिसाचं काम झालं. भेट म्हणून बेळगावचा कुंदा न्यायचा हे घरात न बोलताच ठरलं होतं, पण दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत असं कळलं. कुंदा आम्ही खाल्ला आणि शहापुरी साडी बॅगेत गेली. दोन महिन्यांनी तिथल्या घराचा फोटो आला. त्यात ती साडी खिडकीला पडदा म्हणून लावलेली होती. माझ्या पोटात कालवलं. मग मुलीनं सांगितलं की त्या बाईंनी घरातल्या सगळ्यांत मोठ्या खिडकीचा पडदा काढून ती तिथं लावली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कुठून आली ते सांगत होत्या.

गाव मिळालं फ्लेन्सबर्ग. जर्मनीच्या उत्तर टोकाला, जेमतेम लाखभर वस्तीचं, समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यावर वसलेलं. जर्मनीत वाहतुकीचा मोठा नियम मोडला की चालकाच्या नावावर गुण चढतात आणि ते दप्तर याच गावच्या सरकारी कचेरीत असतं. त्यामुळं हे नाव तिथल्या वाहनचालकांना थोडं धास्तीचंच वाटतं. आम्हाला नकाशात शोधावं लागलं. तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली आणि आप्पांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर सीमेवरचं गाव." शहराला लागूनच डेन्मार्कची हद्द होती.

पहिले तीन-चार महिने वाईट गेले. घरी फार फोन करू नका, नाहीतर मूल तिथं रुजत नाही, असं आम्हाला बजावलं होतं. म्हणून फक्त रविवारी बोलायचं. पोरगी रविवारी हसून बोलायची आणि फोन ठेवायच्या आधी दोन क्षण गप्प व्हायची. ते दोन क्षण मी आठवडाभर ऐकत असे. संध्याकाळचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि काकडी, सगळं गार. नोव्हेंबरच्या अखेरीस दुपारी चारला अंधार. यजमान बाईंनी पहिल्या महिन्यानंतर इंग्रजी बंद केलं होतं. कडक होत्या म्हणून नव्हे, तसंच ठरलं होतं. शाळेत सगळं जर्मनमध्ये. पहिल्या चाचणीचे गुण आले, गणितात दोन. आप्पा हादरले. तिथं एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे नापास, हे समजावायला अर्धा रविवार गेला. पण तिच्या शिक्षकांची तक्रार वेगळीच होती. तिथं वर्गात किती बोललात, काय विचारलंत, याचे गुण असतात आणि ते थोडेथोडके नसतात. ही गप्प. आपल्याकडं जिला आम्ही शिक्षक "गुणी मुलगी" म्हणतो, तिला तिथं त्या गुणीपणाबद्दल गुण कमी मिळत होते. मी स्वतः वीस वर्षं वर्गात उभी राहते. त्या रात्री मला माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या सगळ्या गुणी मुली आठवल्या.

जर्मन शिकवण्याचा वेगळा तास असे. त्यात तिच्याबरोबर युक्रेनहून आलेल्या दोन मुली होत्या. तिघींची पुस्तकं एक, चुका एक, हसणंही एकच. फरक इतकाच की हिच्याकडं परतीचं तिकीट होतं. त्यांतली एक तासाला फोन उलटा करून बाकावर ठेवायची आणि मधेच सरळ करून पाहायची. तिचे वडील तिकडंच राहिले होते. आमच्या मुलीनं हे सांगितलं त्या रविवारी फोन ठेवताना ती गप्प झाली नाही. ती घराची आठवण काढून रडण्याची नंतर लाजू लागली, असं तिनं परत आल्यावर सांगितलं. ते बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या घरात तिनं शिकलेलं पहिलं उपयोगी वाक्य होतं, "बिट्टे लांगसाम." म्हणजे, जरा सावकाश. दुकानात, बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर, दिवसातून पन्नास वेळा. ती म्हणाली, "आई, हे म्हटलं की कुणी हसत नाहीत गे. थांबतात आणि परत सांगतात." तिचं आश्चर्य माझ्या लक्षात यायला बरेच महिने लागले.

या योजनेत वर्षात दोन-तीन घरं बदलतात. जानेवारीत ती दुसऱ्या घरी गेली आणि तिथून आमच्या रविवारच्या फोनला वेगळंच वळण लागलं. या घरातल्या बाई डॅनिश होत्या. डेन्मार्कहून आलेल्या नव्हेत, तिथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या फ्लेन्सबर्गच्या, जर्मन पारपत्र असलेल्या, पण डॅनिश. मुलांशी डॅनिश बोलायच्या, नवऱ्याशी जर्मन. आजी तिसरीच काही बोली बोलायच्या. मुलं डॅनिश शाळेत जात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांशी जर्मन बोलत. मोजमाप कुणीच ठेवत नव्हतं.

आप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला. तो रविवार आणि पुढचे सगळे रविवार आप्पांचे झाले. ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहून ठेवायचे. तुम्हां सीमाभागातल्या वाचकांना त्यांची उत्सुकता समजावून सांगायला नको. १९८६ च्या जून महिन्यात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा आप्पा रस्त्यावर होते. मी शाळकरी पोर. ते रात्री घरी आले नाहीत आणि आईनं दिवा मालवला नाही, एवढं मला आठवतं.

मुलीनं शाळेच्या वाचनालयातून आणि त्या घरातल्यांना विचारून जी माहिती पुरवली, ती अशी. १८६४ पर्यंत हा मुलूख डॅनिश राजाच्या सत्तेत होता. पुढं तो प्रशियाकडं गेला. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये लोकांना विचारलं गेलं. फेब्रुवारीत उत्तरेच्या पट्ट्यात मतदान झालं आणि तो डेन्मार्ककडं गेला. मार्चमध्ये दक्षिणेच्या पट्ट्यात झालं आणि फ्लेन्सबर्ग मोठ्या बहुमतानं जर्मनीत राहिलं. म्हणजे दोन्हीकडं थोडे थोडे लोक चुकीच्या बाजूला उरले. त्यांनी पुढची तीस-पस्तीस वर्षं बरंच सोसलं. मग १९५५ मध्ये बॉन आणि कोपनहेगन इथून दोन्ही सरकारांनी आपापल्या अल्पसंख्याकांसाठी जाहीरनामे काढले. त्यातलं एक कलम आप्पांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. "मी डॅनिश आहे" असं म्हणणं ज्याच्या त्याच्या मनावर, आणि सरकारनं ते तपासायचं नाही. सीमेच्या दक्षिणेला आज चाळीसहून अधिक डॅनिश शाळा आहेत, मोठं वाचनालय आहे, १८६९ पासूनचं वर्तमानपत्र आहे. त्यांच्या पक्षाला निवडणुकीत पाच टक्के मतांची अट नाही, आणि २०२१ मध्ये कित्येक दशकांनंतर त्यांचा एक प्रतिनिधी बर्लिनच्या संसदेत पोचला.

"तिथं लोकांना विचारलं तरी," आप्पा म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत.

त्या घरातल्या आजींनी तिला आणखी एक गंमत सांगितली. पूर्वी फ्लेन्सबर्गच्या बायका बोटीचा हंगामाचा पास काढून समुद्राच्या फाट्यावर दिवसभर गप्पा मारत फिरायच्या. त्यांच्या तोंडी डॅनिश आणि जर्मनची अशी काही खिचडी झाली की तिला त्या पासावरूनच पेटू असं नाव पडलं. शब्द जर्मन आणि वाक्याची ठेवण डॅनिश. आता ती बोलणारं फारसं कुणी उरलेलं नाही. आप्पा पहिल्यांदा मोकळं हसले. "म्हणजे आमच्या खडेबाजारातलं बोलणं!" खरंच होतं ते. आमच्या बोलण्यात कन्नड किती मुरलंय हे पुण्याचे पाहुणे आल्याशिवाय आम्हाला कळत नाही.

इकडं आमच्या घरात मुलीच्या खोलीत मेक्सिकोची एक मुलगी चार महिने राहून गेली. तिला आम्ही मराठी शिकवत होतो आणि शेजारच्या अज्जी कुंपणावरून कन्नड. अज्जी एकट्या राहतात, मुलगा हुबळीला असतो. त्या पोरीला या दोन भाषा आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी ती एकच, गल्लीची भाषा. ती आप्पांना म्हणायची, "आप्पा, बर्री, चहा घ्या." पहिल्या दिवशी आप्पांनी भुवया उंचावल्या. आठवड्यानं ते "बर्री" म्हटल्यावर निमूट उठायला लागले. परक्या पोरीला कोण रागावणार?

जुलैत आमची परत आली. अंगात निळा कोट, त्यावर देशोदेशीच्या मुलांनी दिलेले शंभरेक बिल्ले, चालताना खुळखुळ वाजणारे. केस कापलेले. उंची वाढलेली की ताठ उभी राहायला शिकलेली, कळेना. विमानतळावर म्हणाली, "आई, मी येतो थांब, बॅग राहिली." मला हायसं वाटलं. "मी येतो" म्हणणारी आमची बेळगावची पोर शाबूत होती. पहिले पंधरा दिवस तिनं कचऱ्याच्या चार बादल्या केल्या. पालिकेची गाडी ते सगळं एकत्र करते हे पाहिल्यावर दोनवर आली.

आणि मग एका सकाळी मी स्वयंपाकघरातून ऐकलं. ती कुंपणाशी उभी होती. अज्जी नेहमीसारख्या विचारत होत्या, "ऊट आयता?" इतकी वर्षं आमच्या घरातून या प्रश्नाला मान हलवून आणि हसून उत्तर जात आलंय. अज्जी पुढं काहीतरी भरभर बोलल्या, आणि आमची पोर म्हणाली, "अज्जी, स्वल्प निधान माताड्री."

म्हणजे, जरा सावकाश बोला.

अज्जी थांबल्या. परत सांगितलं. हिनं मोडकंतोडकं उत्तर दिलं, चुकलं, अज्जींनी दुरुस्त केलं, हिनं ते पुन्हा म्हटलं. दहा मिनिटं. माझी भाजी करपली.

मला लागलं ते असं. दहावीला तिला कन्नडमध्ये शंभरात सत्त्याऐंशी गुण होते. ती वाचायची, लिहायची, व्याकरण घोकायची. तोंडातून मात्र सोळा वर्षांत एक वाक्य बाहेर पडलं नव्हतं. आम्ही तिला बोलू नको असं कधी म्हटलं नाही. तसं म्हणायची गरजच पडली नाही. मी बँकेत हिंदी बोलते, बसमध्ये इंग्रजी. वाहकानं कन्नडमध्ये विचारलं की माझा चेहरा दगडासारखा होतो आणि तो चेहरा तिनं माझा पदर धरून रोज पाहिला होता. त्या चेहऱ्यामागं आप्पांची ती रात्र आहे, मराठीत न येणारी परिपत्रकं आहेत, दुकानांच्या पाट्या आहेत. हे सगळं खरं आहे आणि मी त्यातलं काही सोडलेलं नाही. पण कुंपणापलीकडच्या अज्जी त्यात कुठंच नव्हत्या.

संध्याकाळी मी तिला विचारलं, जर्मन सहा महिन्यांत आली आणि कन्नड कशी नाही? ती म्हणाली, "तिथं मला कुणाला हरवायचं नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि चुकायला लाज वाटायची नाही. इथं दोन्हीकडची लोकं हसतात, ती पण आणि आपली पण."

आप्पा कोपऱ्यात पेपर वाचत होते, म्हणजे वाचत नव्हते. जेवताना त्यांनी विचारलं, "काय बोलत होतीस गे तिच्याशी?" तिनं सांगितलं. घरात भांडण होणार असं वाटून मी भात वाढायला उठले. आप्पांनी थोडा वेळ घास चिवडला आणि मग विचारलं, "ती तुझी डॅनिश बाई. घराबाहेर जर्मनच बोलते नव्हं? मग तिची डॅनिश गेली काय?"

"नाही आप्पा. शाळा हाय, पेपर हाय, लायब्ररी हाय."

"त्या शाळेला सरकार पैसे देतंय?"

"देतंय."

"मग," आप्पा म्हणाले, आणि ताक मागितलं.

त्या "मग"चे दोन अर्थ होतात. आप्पांना कुठला अभिप्रेत होता ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या लग्नपत्रिका एका दोऱ्यात बांधून स्वतःच्या कपाटात ठेवल्या.

आता येणाऱ्या पालकांना मी हे सगळं सांगत बसत नाही. त्यांना इंग्रजी सुधारतं का, पुढं प्रवेशाला उपयोग होतो का, हे हवं असतं. जर्मनीत जाऊन इंग्रजी फार सुधारत नाही. प्रवेशाच्या अर्जात दोन ओळी वाढतात. एवढ्यासाठी पाठवायचं तर पाठवू नये. आणि प्रत्येकाचं चांगलंच होतं असंही नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा असाच वर्षभर बाहेर राहून आला आणि त्याला इथली धूळ, इथली गर्दी आणि इथली माणसं यांखेरीज दुसरा विषय उरला नाही. एक मुलगी तिसऱ्या महिन्यात परत आली. ज्या घरात ठेवलं होतं तिथं तिचं जमलं नाही आणि घर बदलून मिळायला उशीर झाला. म्हणून मी एवढंच विचारते, जायचं कुणाच्या मनात आहे? तुमच्या की तिच्या? पाच मिनिटं तिला एकटीला माझ्याशी बोलू द्या. मुलगी म्हणाली की "मला तिथली शाळा कशी असते ते बघायचंय", तर अर्ज आणा म्हणते. ती आईकडं बघायला लागली, तर आणखी एक कप चहा करते.

आमची सध्या अज्जींची बँकेची आणि औषधांची कामं बघते. त्या बदल्यात अज्जींनी गुरुवारी संध्याकाळी मला कन्नड शिकवायचं, असं त्या दोघींनी परस्पर ठरवलंय. मला विचारलं नाही. मी जाते. अजून "निधान माताड्री"च्या पुढं माझी फारशी गाडी सरकलेली नाही. मुलीसाठी थांबणाऱ्या अज्जी माझ्यापुढं मात्र मुद्दाम भरभर बोलतात. सतरा वर्षं मान हलवून घेतली, त्याचा वचपा काढतात बहुतेक.